खोगीरभरती

आमच्याकडे हा शब्द हिणवायला वापरतात.
भाषण लांबलं, यादीत नको ती नावं घुसली
की म्हणायचं, नुसती खोगीरभरती.
मी मिरजेचा, तिसऱ्या पिढीचा.
खोगीर भरतो म्हणून जेवतो.
इथे बरक्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर
तबेल्यामागे माझी खोली:
आरी, दाभण, मेणवलेला दोरा, पोत्यात मेंढीची लोकर,
आणि एक एसी, जो बोलतो फार, गार करतो थोडं.

घैमा चावते, असं सगळे म्हणत.
तंग आवळला की कान मागे, दात पुढे.
दोस्त मोहम्मदच्या दंडावर तिच्या दातांचे दोन कंस आहेत.
मालक म्हणाले, कडियाळं बदला, कडक घाला.
डॉक्टर म्हणाला, पोटाचं काहीतरी.
जुवैना, जी तिच्यावर बसते, काहीच म्हणाली नाही,
नुसती उतरून, कंबरेवर हात टेकून
जरा वेळ खजुरींकडे बघत राहायची.

मला कुणी विचारलं नव्हतं.
पण त्या दिवशी चाळीस किलोमीटर वाळू तुडवून आली
आणि खोगीर उतरलं, तर
सगळी पाठ घामाने काळी,
फक्त मानेच्या मुळाशी, दोन्ही अंगांना,
तळहाताएवढ्या दोन जागा कोरड्या.
भर ऑगस्टात, जिथे भिंतींनाही घाम फुटतो,
तिथे कोरड्या ठक्क.
नवख्याला वाटावं, बरंय, इथे तरी आराम आहे.
बाबा म्हणायचे, घामालाही वाट नाही तिथे हात ठेव.
ठेवला.
कातडं थरथरलं, तळ्यात खडा पडावा तसं.
कुमैत रंगात पाच-सहा केस पांढरे.
घोडी सात वर्षांची.

खोगीर परदेशी, भारी किमतीचं,
जुवैनाच्या भावाचं. भाऊ आता नाही.
त्याच्या घोड्याच्या निमुळत्या पाठीवर बेतलेलं,
त्याच्या लांब मांड्यांवर.
रिकीब सापडावी म्हणून ती डावीकडे कलायची,
तिचा कल सावरायला घोडी उजवीकडे.
आधी कोण कललं, आता सांगता येणार नाही.

"थोडी लोकर भर ना," ती म्हणाली.
तिची मोडकी हिंदी, माझी मोडकी अरबी.
रिकिबीला ती रिकाब म्हणते, लगामाला लिजाम,
कुमैत तर कुमैतच.
मी बरोबर आणलेले शब्द
माझ्या आधीच इथे येऊन बसलेले.
पण सांगाडाच अरुंद आहे बाई,
घट्ट जोड्यात आणखी एक मोजा कोंबून काय होणार,
हे सांगायला काही पुरेना.

मग शिशाची पट्टी घोडीच्या पाठीवर दाबली,
खाकी कागदावर तिची रेघ ओढली.
त्याच कागदावर खोगिराच्या पोटातली रेघ.
दोन डोंगर उमटले,
मोठा धाकट्यात मावेना.
ती बराच वेळ बघत होती.
मग धाकट्यावर बोट ठेवून म्हणाली, "खल्फान."
एवढंच.

ते खोगीर आता माझ्या खोलीत टांगलंय.
दर शुक्रवारी तेल देतो, कुणी सांगितलं नाही तरी.
घैमासाठी एक जुनं, रुंद मिळालं.
त्याच्या पोटातून लोकरीच्या गाठी काढल्या,
बोरासारख्या टणक,
आणि नवी पिंजून भरली, चिमूट चिमूट, दोन दिवस,
दर वेळी डोळे मिटून हात फिरवत.

पहिल्या सकाळी दोस्त मोहम्मदने
दंड सांभाळत तंग ओढला.
घैमाने सवयीने कान मागे घेतले,
ओठ उचलला,
आणि वाट बघितली.

एक भोक आवळलं. दुसरं.
दुखणं आलंच नाही.
ती तशीच उभी, ओठ वर, कान मागे,
आता त्यांचं काय करायचं
तिला कळेना.